नगरचा दरबार, चौलचा किनारा आणि बेने इस्राएल

गांवाचा इतिहास म्हटला कीं आपल्या मनांत प्रथम राजे येतात, मागून लढाया येतात, आणि लोक आलेच तर सर्वांच्या शेवटीं येतात. अहमदनगरच्या वांट्यास हें अंमळ अधिकच आलें आहे. मलिक अहमदानें १४९४ सालीं वसविलेलें शहर, चांदबिबीनें लढविलेला किल्ला, १६०० सालीं झालेला त्याचा पाडाव, आणि १९४२ नंतर त्याच किल्ल्यांत बंदींत राहिलेले राष्ट्रीय पुढारी, एवढ्यावर आपली माहिती बहुधा थांबते. ज्या शहराचें सरकारी नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, त्याच्या पांचशें वर्षांच्या वृत्तान्तांत एक बारीक धागा यहुदी लोकांचाहि आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. धागा बारीक खरा. पण तो ओढूं लागलें म्हणजे त्याच्याबरोबर चौलचा किनारा येतो, गोव्याचें धर्मन्यायालय येतें, लोकमान्य टिळकांचा खटला येतो, आणि अखेरीस यरुशलेमहि येतें. या सर्व ठिकाणीं एकच प्रश्न निरनिराळ्या वेषानें पुढें उभा राहतो. मनुष्य कोण आहे हें ठरवावयाचें कोणीं? त्याच्या शेजाऱ्यानें, कीं कोठल्याशा कचेरींतील कागदानें? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाच्या अनुरोधानें हा धागा उलगडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ एका वैद्यापासून करावा लागतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. त्याचे आईबाप स्पेनमधून १४९२ सालीं हांकून दिलेल्या यहुद्यांपैकीं होते. पोर्तुगालांत आल्यावर १४९७ सालीं तेथील सर्व यहुद्यांवर ख्रिस्ती धर्म लादण्यांत आला, तेव्हां हें कुटुंबहि कागदोपत्रीं ख्रिस्ती झालें. अशा लोकांस तिकडे ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, आणि त्या शब्दांतच त्यांच्यावरील अविश्वास सांठविलेला असे. गोव्यास ओर्तानें मोठा लौकिक मिळविला. व्हाइसरॉय त्याचे रोगी होते, मुंबईचें बेट त्याजकडे खंडानें होतें, आणि त्याच्या आयुष्यांत नगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा दरबार यास विशेष स्थान होतें. बुऱ्हाणशहाची त्यानें चिकित्सा केली. राजा आपणास फार मान देत असे, आणि औषधांचीं अरबी-फारसी नांवें त्यास चांगलीं अवगत होतीं, असें तो आपल्या ग्रंथांत लिहितो. हिंदुस्थानांतील वनस्पति व औषधें यांविषयींचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यास छापून निघाला. चारच वर्षांनीं युरोपांत त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध झाला आणि तिकडच्या वैद्यांनीं तो डोक्यावर घेतला. ज्या ज्ञानामुळें या ग्रंथास ही किंमत आली, त्यांतील कांहीं वांटा नगरच्या दरबारांतील हकीमांशीं झालेल्या संभाषणांचा आहे, ही गोष्ट नगरकरांस अभिमान वाटण्याजोगी आहे.

राजाचें कुळहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. बुऱ्हाणशहाचा आजा मलिक हसन हा मूळचा पाथरीकडील एका ब्राह्मण कुळांतला. लहानपणीं तो कैद होऊन बाटला आणि बहामनी राज्यांत मोठ्या पदास चढला. म्हणजे नगरच्या महालांत एकमेकांसमोर बसून औषधांच्या नांवांचा खल करणारे हे दोघेहि सक्तीनें धर्म बदललेल्या घराण्यांतले होते. एकाच्या घरीं ती गोष्ट दोन पिढ्यांत पचून गेली. दुसऱ्याच्या घरीं ती कधींच पचली नाहीं. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायालय बसलें. १५६८ सालीं ओर्ता वारला, आणि पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यांत आलें. एवढ्यानेंहि न्यायाधीशांचें समाधान झालें नाहीं. १५८० सालीं त्यांनीं ओर्ताचीं हाडें उकरून काढविलीं आणि जाळविलीं. नगरच्या राजानें त्याची विद्या पाहिली. गोव्याच्या कचेरीनें त्याचा वंश पाहिला. कागदावर ख्रिस्ती असूनहि तो यहुदी ठरला, आणि तोहि मेल्यानंतर!

आतां नगरच्या राज्याची सीमा पाहूं. निजामशाहीचा प्रदेश घाटाखालीं समुद्रापर्यंत पसरला होता, आणि चौल हें तिचें मोठें बंदर होतें. पोर्तुगीजांनीं तेथें, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, किल्ला बांधला तो बुऱ्हाणशहाच्याच अनुमतीनें. १६३६ सालीं निजामशाही बुडेपर्यंत उत्तर कोंकणच्या या पट्ट्याशीं नगरचा संबंध राहिला, आणि जंजिऱ्याचे सिद्दीहि मूळचे निजामशाहीचेच चाकर. याच किनाऱ्यावर, अलिबाग, चौल, पेण, रोहें, अष्टमी, मुरूड या टापूंत, बेने इस्राएल समाजाचीं गांवें आहेत. समाजाच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज पश्चिमेकडून येत असतां नवगांवजवळ त्यांचें गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच कांठास लागलीं. बुडालेल्यांच्या थडग्यांचीं स्थानें नवगांवास अजून दाखवितात. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेंतहि चौदा हा आंकडा व समुद्राचा कांठ आहे, हें वाचकांस आठवेल. अशा कथांचा कालनिर्णय करणें इतिहासाच्या हातचें नाहीं. पण एकाच किनाऱ्यानें दोन समाजांस जवळजवळ एकच जन्मकथा द्यावी, यावरून त्यांचा शेजार किती जुना असेल याची कल्पना येते.

ग्रंथ समुद्रांत गेले. उरलें तें स्मरणांत राहील तेवढें: शेमा ही एक प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांति, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध, आणि थोडे सण व उपास. या लोकांनीं तेलाचा धंदा धरिला. शनिवारीं त्यांचे घाणे बंद असत, म्हणून गांवानें त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव दिलें. सोमवारीं घाणा बंद ठेवणारे हिंदु तेली ते ‘सोमवार तेली’. या नांवांत तिरस्कार नाहीं, कीं कौतुकहि नाहीं. एकाचा बैल सोमवारीं सुटतो, दुसऱ्याचा शनिवारीं, एवढीच नोंद आहे. पण आमच्या मतें या साध्या नोंदींत एक मोठी गोष्ट घडून गेली. ज्या व्रतामुळें हे लोक यहुदी होते, तेंच व्रत शेजाऱ्यांनीं त्यांचें नांव म्हणून मान्य केलें. आपण कोण, हें पोथी नसल्यामुळें त्यांस सिद्ध करतां आलें नसतें. गांवानें तें सिद्ध करावयास कधीं सांगितलें नाहीं.

त्यांच्या सणांचीं जुनीं नांवें पाहावीं. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफाळणीचा सण. त्या दिवशीं दारें लावून, पांढरीं वस्त्रें नेसून, उपाशी राहावयाचें, आणि दुसरे दिवशीं शिळा सण करून दानधर्म करावयाचा व आप्तेष्टांस भेटावयाचें. पुरीम हा फाल्गुनांत येतो म्हणून तो होळीचा सण झाला. यरुशलेमच्या देवालयाच्या विध्वंसाचा जो शोकदिवस, त्यास बिरड्यांचा रोजा म्हणत, कारण त्या दिवशीं उपास सोडतांना वालाचें बिरडें करीत. बाबिलोनच्या व रोमच्या सैन्यांनीं पाडलेल्या देवालयाचें दुःख कोंकणांत वालाच्या बिरड्याबरोबर स्मरलें जावें, आणि त्यास नांव द्यावें तें फारशी ‘रोजा’! एका शब्दप्रयोगांत तीन संस्कृति एका पानांत जेवतात, त्या अशा. नवसाच्या व मंगलकार्याच्या वेळीं एलिया प्रेषिताच्या नांवानें जो मलिदा करतात, तो पोहे, खोबरें, साखर आणि फळें यांचा. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा असून त्या जागेस ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. आडनांवें तर सरळ गांवांचींच आहेत: किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, तसेच पेणकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, पेझारकर. ज्या भूमीनें आडनांव दिलें ती परकी कशी म्हणावी?

शेजाराच्या या चित्रांत काळ्या रेषाहि आहेत. त्या पुसून टाकणें इतिहासकारास शोभत नाहीं. शेजाऱ्यांचे गुण येतात तसे दोषहि येतात. बेने इस्राएलांतहि ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन तट होते. मिश्र विवाहांतून झालेल्या संततीशीं गोरे इस्राएल बेटीव्यवहार करीत नसत. विधवेच्या पुनर्विवाहाविषयींची नाखुषी त्यांनीं आपल्या हिंदु शेजाऱ्यांपासूनच उचलली. पुढें दाऊद ससून १८३२ सालीं मुंबईस आला आणि त्याच्या मागोमाग बगदादी यहुद्यांची वसाहत झाली, तेव्हां या नवागतांनीं बेने इस्राएलांच्या शुद्धतेविषयीं शंका काढिली व स्मशानभूमींतहि आडभिंत मागितली. जो न्याय गोऱ्यांनीं काळ्यांस लाविला तोच बगदाद्यांनीं गोऱ्यांस लाविला, हें पाहून मन उद्विग्न होतें.

विस्मृत धर्म पुन्हां हातीं येण्याची हकीकत मनोरंजक आहे. दाविद राहाबी नांवाचा एक विद्वान् कोंकणांत आला आणि त्यानें हे लोक यहुदीच कीं काय हें ताडून पाहिलें, अशी परंपरा आहे. ही परीक्षा बायकांनीं दिली. त्यांजपुढें मासे ठेवले असतां त्यांनीं पर आणि खवले असलेले तेवढे वेगळे काढले व बाकीचे टाकून दिले, कारण धर्मशास्त्राची आज्ञा तशी आहे. ग्रंथ बुडाला होता, परंतु तो चुलीजवळ जिवंत होता! राहाबीनें झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांस धर्मकृत्यें शिकविलीं, आणि त्यांचे वंशज काजी म्हणून समाजाचे तंटे तोडूं लागले. परंपरा हा काळ फार मागें नेते. पुष्कळ संशोधक त्याची सांगड अठराव्या शतकांतील कोचीनच्या राहाबी घराण्याशीं घालतात. पुढें इंग्रजी पलटणींतला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सामुएल एझिकेल, यानें १७९६ सालीं मुंबईस पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. टिपूच्या कैदेंतून आपण सुटलों याची ती फेड होती, असें सांगतात. लोक त्या मंदिरास मशीदच म्हणत. मांडवीकडील सामुएल स्ट्रीट हें नांव त्याच्याच स्मरणार्थ आहे.

यापुढें मराठी भाषेनें या समाजावर व या समाजानें मराठीवर केलेले उपकार येतात. अमेरिकन मिशनऱ्यांनीं मुंबईंत व कोंकणांत मराठी शाळा काढिल्या, त्यांत बेने इस्राएल मुलें शिकलीं. याच मिशननें १८३१ सालीं नगरास ठाणें केलें आणि १८४२ सालीं तेथूनच ‘ज्ञानोदय’ काढिला. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत लिहून प्रसिद्ध केलें. या उद्योगाचा हेतु उघड होता. फळ मात्र निराळें आलें. मराठींतून जुना करार वाचतां येऊं लागला, तेव्हां हे लोक ख्रिस्ती न होतां अधिक जाणते यहुदी झाले. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें करण्यांत आयुष्य वेंचलें. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हग्गादा १८७४ सालीं पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत मराठी अर्थासह छापली गेली, आणि तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया मराठी पेहरावांत आहेत. मिसरांतून सुटकेची कथा हिब्रूंत, अर्थ मराठींत, आणि छापखाना अग्निहोत्र्यांचा! बायबलांतील कथांवर हरिदासी थाटाचीं कीर्तनें करण्याचा प्रघातहि या समाजांत १८८० च्या सुमारास पडला.

समाज लिहूं-वाचूं लागला, तसा त्यास देशाच्या राजकारणाशीं नातें ठरविणें प्राप्त झालें. येथें नगर पुन्हां दृष्टीस पडतें. १९१६ च्या मे-जूनमध्यें लोकमान्य टिळकांनीं होमरूलवर जीं व्याख्यानें दिलीं, त्यांतील बेळगांवचें एक व अहमदनगरचीं दोन सरकारनें राजद्रोही ठरविलीं आणि त्यांजकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला. टिळकांच्या बाजूनें जिना उभे राहिले, आणि त्यांच्या जोडीस जे वकील होते त्यांत दाविद एरुलकर हे बेने इस्राएल होते. नोव्हेंबरांत हायकोर्टानें तो हुकूम रद्द केला. नगरच्या मैदानावर उच्चारलेले शब्द राजद्रोही नव्हेत, हें सिद्ध करण्यांत एका यहुदी वकिलाचा हात होता, ही गोष्ट नगरच्या इतिहासांत नोंदली जावी. दाविद यांचे बंधु डॉ. अब्राहाम एरुलकर हे गांधीजींच्या वैद्यांपैकीं एक. डॉ. एलिजा मोझेस हे १९३७ सालीं मुंबईचे महापौर झाले.

याच सुमारास दुसरीहि हांक येऊं लागली होती. १८९७ सालीं बाझल येथें भरलेल्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचें आमंत्रण बेने इस्राएलांस आलें असतां त्यांनीं तें नाकारलें. सियोनास परत जाणें देवाच्या इच्छेनें घडेल, मनुष्याच्या ठरावानें नव्हे, अशी त्यांची श्रद्धा होती. १९१७ सालीं समाजांत परिषद व लीग अशा दोन संस्था निघाल्या आणि हिंदी राजकारणांत किती मिसळावें यावर त्यांत वाद झाला. नित्य प्रार्थनेंत यरुशलेमचें नांव घेणारा मनुष्य मुंबईच्या महापालिकेंतहि मन लावून काम करूं शकतो, यांत विसंगति आहे असें त्या पिढीस वाटलें नाहीं. पंढरीची वारी करणाऱ्याचें घर पंढरपुरास असावेंच लागतें असें नाहीं.

पण दोनच दशकांनीं नगरास एक विलक्षण देखावा दिसला. हिटलरच्या छळास कंटाळून जर्मनी-ऑस्ट्रियांतून कांहीं यहुदी मुंबईकडे येऊं लागले होते. त्यांच्या साह्यार्थ १९३४ सालीं मुंबईंत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. १९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध पेटतांच सरकारनें देशांतील जर्मन पुरुषांस शत्रु ठरवून अहमदनगरच्या छावणींत नेऊन ठेविलें. त्यांत नाझी होते, आणि नाझींपासून पळालेले यहुदीहि होते. जर्मनींत ज्यांस तुम्ही जर्मन नव्हेच असें सांगून हांकलून दिलें, त्यांस नगरच्या तारेच्या कुंपणाआड तुम्ही जर्मनच असें सांगून कोंडण्यांत आलें. कागदाचा अंधळेपणा याहून स्पष्ट कोठें दिसावा? पुढें चौकशी-मंडळानें एकेकाची हकीकत ऐकिली व बहुतेक निर्वासितांची सुटका झाली. एका माणसानें दुसऱ्याची कहाणी ऐकून घेतली तेव्हां कुंपण उघडलें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

१९४८ सालीं इस्राएलचें राज्य स्थापन झालें आणि शतकानुशतकांची प्रार्थना एकाएकीं आगबोटीचें तिकीट होऊन समोर आली. बेने इस्राएल निघाले. त्यांस येथून कोणी घालविलें नव्हतें, ही गोष्ट जगाच्या यहुदी इतिहासांत विरळाच होय. श्रद्धा, नातेवाईकांची ओढ आणि इंग्रजी अंमल गेल्यावर नोकऱ्यांविषयीं वाटूं लागलेली अनिश्चितता, अशीं अनेक कारणें मिळून ही यात्रा घडली. तिकडे मात्र सर्वच अपेक्षेप्रमाणें झालें नाहीं. आपणांस रंगामुळें कमी लेखतात, या तक्रारीवरून कांहींनीं सत्याग्रह केला. तें शस्त्र त्यांनीं येथूनच नेलें होतें, हें सांगणें नलगे. १९५२ सालीं शंभराहून अधिक माणसें हिंदुस्थानांत परत आलीं. याहून मोठा घाव पुढेंच होता. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें असा निर्बंध घातला कीं, बेने इस्राएलांपैकीं कोणाचा इतर यहुद्यांशीं विवाह व्हावयाचा असेल तर त्याच्या आईच्या कुळाची, जितकें मागें जातां येईल तितकें मागें जाऊन, चौकशी करावी.

चौलच्या घाण्यावर जो प्रश्न कधीं कोणी केला नव्हता, तो यरुशलेमास झाला. अगणित शनिवार बैल सोडून देणाऱ्यांस, तुम्ही यहुदी आहां याचा दाखला आणा, असें त्यांच्याच धर्मबंधूंनीं सांगावें! दाखला आणावयाचा तरी कोठून? गांवच्या शेजाऱ्यांची साक्ष तेथें चालणार नव्हती. समाजानें मोठी चळवळ केली. यरुशलेमास उपोषणें व धरणें झालीं. शेवटीं १९६४ च्या ऑगस्टांत हा प्रश्न तेथील लोकसभेपुढें आला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठानें त्या आज्ञेंतून ‘बेने इस्राएल’ हें नांव वगळलें. या झगड्यांत त्यांनीं जो धिमेपणा दाखविला, तो आमच्या समजुतीप्रमाणें त्यांनीं इकडून नेलेल्या गांठोड्यांतलाच होता.

आज महाराष्ट्रांत हा समाज फारच थोडा उरला आहे. २०११ च्या शिरगणतींत राज्यांतील यहुद्यांची संख्या २,५०० च्या आसपास भरली. २०१६ सालीं राज्य सरकारनें त्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबागेस इस्राएल आळी आहे आणि तेथील ‘मागेन आबोत’ हें मंदिरहि आहे. पण कोंकणांतील पुष्कळ मंदिरांस प्रार्थनेपुरते दहा पुरुष जमविणें जड जातें. उलट इस्राएलांत लोद, रामला, अश्दोद, दिमोना या गांवीं मराठी बोलणारीं कुटुंबें आहेत, आणि ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिकहि तेथें निघालें. इकडे असतांना जे सियोनाची आठवण काढीत, ते तिकडे गेल्यावर कोंकणची आठवण काढूं लागले. दोन देशांवर प्रेम केलें म्हणजे एकाशीं तरी बेइमानी होते, असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण विचारांत घ्यावें.

ओर्ताची कागदावरची जात त्याच्या हाडांस वांचवूं शकली नाहीं. नगरच्या छावणींतील निर्वासितांस त्यांच्या कागदानेंच कोंडलें. आणि कागद नाहीं म्हणून बेने इस्राएलांस यरुशलेमाच्या रस्त्यावर बसावें लागलें. या तिन्ही प्रसंगांच्या उलट एक कोंकणचें गांव उभें आहे. तेथें कोणाजवळ कसलाच कागद नव्हता. शनिवारीं घाणा थांबलेला दिसे, आणि तेवढी साक्ष गांवास पुरत असे. हल्लींच्या काळीं माणसांस त्यांचें मूळ व कूळ विचारण्याची हौस पुन्हां सर्वत्र वाढत चालली आहे. अशा वेळीं आमच्या पूर्वजांनीं एका परक्या समाजास कांहींएक न विचारतां नांव, आडनांव आणि भाषा दिली, ही गोष्ट केवळ अभिमानानें सांगून थांबण्याची नव्हे. तो शेजारधर्म आमच्या अंगीं आज किती उरला आहे, याचा हिशेब प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.